१० मीटर कॉम्पॅक्ट एअर पिस्तूल: ट्रिगर, ग्रुप आणि सात वाजताचे शॉट

मखमलाबादकर
१० मीटर मॅच एअर पिस्तूल, कॉम्पॅक्ट मॉडेल, मेकॅनिकल ट्रिगर, सेकंडहँड. नेमबाज १४ वर्षांचा, उजव्या हाताचा. मनगटाच्या घडीपासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत हात १६ सेंमी, म्हणून कॉम्पॅक्ट, म्हणजे फुल साईजपेक्षा आखूड.

सहा सिरीजचे कागद समोर ठेवून मोजलं. ६० पैकी १७ शॉट सात ते आठ वाजण्याच्या दिशेला, म्हणजे खाली डावीकडे, बहुतेक ८ आणि ७ च्या रिंगमध्ये. उरलेले जवळपास सगळे दहा-नऊमध्ये आणि व्यवस्थित गोळा झालेले. ट्रिगर ५०० ग्रॅमचं वजन तीनदा उचललं की एकदा सुटतो. आधीच्या मालकाने तो "एकदम मख्खन" करून दिलेला आहे. स्प्रिंग बदलायची, सर्व्हिसला पाठवायचं, की कॉम्पॅक्ट घेणंच चुकलं आणि फुल साईज बघायचं?

दहाचा_गोल
फुल साईजचे पैसे अजून खिशातच राहू द्या. आधी पिस्तूल आणि हात वेगळे करून बघा. टेबलावर वाळूची पिशवी, नसेल तर जुन्या जीन्सच्या पायात तांदूळ भरून शिवून घ्या. पिशवी फ्रेमखाली, ट्रिगर गार्डच्या पुढे येईल. हवेचं सिलिंडर किंवा बॅरल (नळी) टेकवायचं नाही, टेकवलं की ग्रुप (शॉटचा पुंजका) सरकतो आणि मग दोष कुणाचा ते कळत नाही. एकाच प्रकारच्या पेलेटचे (छर्ऱ्यांचे) पाच-पाच शॉटचे चार ग्रुप, प्रत्येक ग्रुप नव्या कागदावर. ट्रिगर मोठ्या माणसाने शांतपणे ओढायचा.

पिस्तूल ठीक असेल तर पाच पेलेट मिळून एकच फाटकं भोक दिसतं, बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत ७-८ मिमी. ९-१० आलं तरी टेबलाच्या हलण्यात खपतं. दहाचा गोलच ११.५ मिमीचा आहे, म्हणजे एवढ्यात पिस्तूल दहाबाहेर जात नाही. ग्रुप १५ मिमीच्या वर गेला तर पेलेट, बॅरल, सैल साईट, रेग्युलेटर (हवेचा दाब सारखा ठेवणारा भाग) या क्रमाने शोध घ्या. ट्रिगरला हात सर्वांत शेवटी.

पांडवलेणी
माझ्या मते ट्रिगर जेवढा हलका तेवढा चांगला. रायफलवाले १०० ग्रॅमच्या आसपास मारतात. पिस्तूलवालेच ५००चं ओझं का धरून बसलेत?

दहाचा_गोल
कारण नियम तसा आहे, भाऊ. १० आणि ५० मीटर रायफलला किमान ट्रिगर वजनाची अट नाही. १० मीटर एअर पिस्तूलला किमान ५०० ग्रॅम, आणि २५ मीटरला १००० ग्रॅम. स्वप्नील कुसाळे आपल्या नाशिकच्या क्रीडा प्रबोधिनीत घडला याचा अभिमान आहेच, पण तो रायफलचा नेमबाज. त्याच्या ट्रिगरचे आकडे पिस्तुलाला लावून उपयोग नाही.

शिवाय रायफल खांद्याला, गालाला आणि दोन्ही हातांना टेकलेली असते. पिस्तूल एका हाताच्या टोकाला लोंबतं. तिथे १०० ग्रॅमचा ट्रिगर दिला तर बोटाचा स्पर्शही धड कळायच्या आत शॉट गेलेला असेल.

अंबड_टूलरूम
मख्खन ट्रिगर या शब्दाचीच मला भीती वाटते. बहुतेक वेळा त्याचा अर्थ असा की सिअरची (शॉट अडवून धरणाऱ्या खटक्याची) पकड जेमतेम ठेवलीय आणि सेकंड स्टेज, म्हणजे ट्रिगरचा शॉट सोडणारा शेवटचा टप्पा, जवळपास संपवलीय. तीनातून एकदा सुटतो यावरूनही तेच दिसतं. पण सेटिंगच्या आधी मोजमाप बरोबर आहे का ते पाहू, कारण घरी मोजताना दोन चुका हमखास होतात.

पहिली चूक वजनाची. किराणा दुकानातलं शिक्का मारलेलं ५०० ग्रॅमचं वजन आणलं आणि त्याला तारेचा हूक लावला, की ते ५०० राहत नाही. हूक, तार, नट सगळं मिळून ५०० हवं. सराफ बाजारात ओळखीचा सोनार असेल तर त्याच्या काट्यावर ठेवून बघा. जास्त भरलं तर तार कापा, कमी भरलं तर वॉशर घाला. ट्रिगरला टेकणारी कड सरळ आणि बोथट हवी. फिरता रोलर लावलेलं वजन स्पर्धेत चालत नाही, घरीही वापरू नका.

दुसरी चूक वजन टेकवण्याच्या जागेची. ट्रिगर म्हणजे तरफ. पिन वर, शू (बोट टेकतं तो भाग) खाली. समजा पिनपासून शूच्या मध्यापर्यंत ३० मिमी आहे आणि तिथे ट्रिगर ५१५ ग्रॅमला सुटतो. तेच वजन ३ मिमी बाहेर, टोकाकडे सरकलं तर ५१५ गुणिले ३० भागिले ३३, म्हणजे ४६८. पिस्तूल तेच, सेटिंग तेच, आणि चाचणीत नापास. म्हणून वजन शूच्या मध्यावर टेकलंय याची खात्री केल्याशिवाय स्क्रूला हात लावू नका.

मोजायची पद्धत अशी. पेलेट नाही, पण लिव्हर (पेलेट भरताना उघडायचा दांडा) पूर्ण कॉक केलेली आणि हवेचा चार्ज भरलेला. नुसत्या ड्राय फायर (हवा न सोडता ट्रिगर ओढण्याच्या) मोडवर मोजलेलं वजन ग्राह्य नसतं, एअर पिस्तुलाची चाचणी चार्जसकटच होते. बॅरल उभं, आकाशाकडे. वजन सपाट टेबलावर ठेवलेलं, कड ट्रिगरच्या मध्यावर. मग पिस्तूल सावकाश सरळ वर. वजन टेबलापासून पूर्ण सुटलं पाहिजे आणि शॉट सुटता कामा नये. स्पर्धेत तीन प्रयत्न मिळतात. घरी दहा करा, दहाही पास हवेत. सुटलेली हवा वरच जाते, तरी तोंड आणि डोळे नळीच्या रेषेत नकोत. हे सांगावं लागतं, कारण लोक वाकून वजनाकडे बघतात.

नेमबाजपालक
अगदी ५०० वर ठेवायचं की थोडं वर?

अंबड_टूलरूम
५१० ते ५२०. जानेवारीत सकाळी आठला पत्र्याच्या शेडमध्ये १० अंश असतात आणि मे महिन्यात दुपारी त्याच शेडमध्ये ४०. ग्रीस घट्ट-पातळ होतं, स्प्रिंग बसते, धूळ शिरते. काठावर ठेवलेला ट्रिगर कधीतरी काठाखाली जातोच. तपासणी स्पर्धेनंतरही होऊ शकते आणि तिथे वजन उचललं नाही तर सगळा स्कोअर जातो. १५ ग्रॅमचा फरक बोटाला कळत नाही, निकालपत्रकात मात्र कळतो.

शिंगाडातलाव
एक मधला प्रश्न. कॉम्पॅक्ट म्हणजे .२२ का? परवाना कसा काढायचा?

संचालक
या धाग्यात फक्त १० मीटर .१७७ एअर पिस्तूल. शस्त्र नियम २०१६ प्रमाणे .१७७ पर्यंतचं आणि २० जूलपर्यंतचं एअर वेपन परवान्यातून सूट असलेलं आहे. मॅच पिस्तूल अर्ध्या ग्रॅमचं पेलेट सेकंदाला साधारण १५० मीटरने सोडतं, म्हणजे साडेपाच जूलच्या आसपास. परवान्याच्या हत्यारांसाठी वेगळा विभाग आहे. आणि सूट असली तरी पेलेट डोळा फोडू शकतं, त्यामुळे गच्चीवर मागे गोणपाट लावून सराव करणाऱ्यांचे फोटो इथे टाकू नका, काढून टाकले जातील.

दहाचा_गोल
आता कॉम्पॅक्टबद्दल, कारण मूळ प्रश्नात तो संशय आहेच.

टार्गेटवर दर रिंगला ८ मिमी. दहाचा गोल ११.५, पेलेट ४.५, कडेला स्पर्श झाला तरी दहा. म्हणजे पेलेटचा मध्य टार्गेटच्या मध्यापासून ८ मिमीच्या आत असेल तर दहा, १६ च्या आत नऊ, २४ च्या आत आठ, ३२ च्या आत सात.

आता साईट. फ्रंट साईट मागच्या साईटच्या खाचेच्या मधून किती सरकली, गुणिले १०,००० मिमी, भागिले दोन्ही साईटमधलं अंतर. अंतर ३२० असेल आणि फ्रंट साईट पाव मिलिमीटर सरकली, तर शॉट ७.८ मिमी हलतो. २८० असेल तर ८.९. एवढाच फरक. पाव मिलिमीटर म्हणजे पोस्टकार्डाची जाडी, आणि तेवढ्यावर एक रिंग जाते, मग पिस्तूल लांब असो की आखूड. याउलट अख्खा हात समांतर ८ मिमी सरकला तर शॉटही फक्त ८ मिमी सरकतो. म्हणून हात डोलतोय याची काळजी कमी करा आणि शॉट सुटताना साईट वाकडी होतेय का, ती जास्त.

सातमधला शॉट म्हणजे मध्यापासून २४ ते ३२ मिमी. २८० च्या साईट अंतराला फ्रंट साईट पाऊण मिलिमीटरच्या आसपास सरकल्याशिवाय तो तिथे जात नाही. एवढं होल्डमध्ये, म्हणजे नेम धरून ठेवताना, होत नाही, बोटाच्या धक्क्यात होतं. फुल साईज घेतलंत तर तोच धक्का २८ ऐवजी २४-२५ मिमीवर दिसेल. सातचा फार तर आठ होईल, दहा होणार नाही.

गोदाघाट
आणि १४ वर्षांच्या हाताला पुढे जड पिस्तूल दिलं तर चाळिसाव्या शॉटनंतर खांदा उतरतो. स्पर्धा ६० शॉटची, इलेक्ट्रॉनिक टार्गेटवर ७५ मिनिटं, त्याआधी १५ मिनिटं तयारी आणि साईटिंग. कॉम्पॅक्ट योग्यच आहे. हात वाढला की पुढे बॅरल वेट लावता येतं. वजनाची मर्यादा १५०० ग्रॅम, आणि सगळं ४२० × २०० × ५० मिमीच्या पेटीत मावलं पाहिजे. कॉम्पॅक्टला दोन्हींत भरपूर जागा उरते.

अंबड_टूलरूम
आता सेटिंग. मॉडेलप्रमाणे स्क्रूच्या जागा बदलतात, त्यामुळे नंबर लिहीत नाही, मॅन्युअल समोर ठेवा. क्रम मात्र सगळीकडे हाच. तो उलटा केला की दिवसभर गोल-गोल फिराल.

सुरुवातीला प्रत्येक स्क्रू कुठवर आहे ते लिहून ठेवा. घड्याळाच्या दिशेने हलकेच तळाशी लागेपर्यंत किती आटे जातात ते मोजा, परत तेवढेच मागे. कागदावर "स्टॉप: २ आटे आणि पाव" असं. फोटो पुरत नाही, स्क्रूच्या डोक्यावरून खोली कळत नाही.

मग शूची जागा. पुढे-मागे, आणि शू फिरत असेल तर कोन. बोटाच्या पहिल्या पेराच्या उशीचा मध्य शूवर यायला हवा आणि बोट ओढताना सरळ मागे यायला हवं. उजव्या हाताचं नुसतं टोक लागत असेल तर ते ट्रिगरला डावीकडे ढकलतं, सांध्यापर्यंत आत गेलं तर उजवीकडे खेचतं. १६ सेंमीच्या हाताला शू बहुतेक पार मागे लागेल. डावीकडे जाणाऱ्या शॉटमध्ये माझा पहिला संशय इथेच.

तिसरं, फर्स्ट स्टेजचा, म्हणजे सेकंड स्टेज लागेपर्यंतच्या पहिल्या टप्प्याचा प्रवास. २-३ मिमी पुरे. फार ठेवला तर बोटाचा कोन वाटेतच बदलतो.

चौथं, सिअरची पकड, म्हणजे सेकंड स्टेज कुठे सुरू होते. मख्खनवाल्यांनी हात मारलेला असतो तो इथे. पकड फार कमी असेल तर लिव्हर बंद करतानाच शॉट सुटू शकतो. तपासणी: पेलेट नाही, नळी टार्गेटकडे, लिव्हर नेहमीपेक्षा जोरात दहा वेळा बंद करा. एकदाही सुटला तर पकड वाढवा, त्यावर वाटाघाट नाही. पकड फार जास्त असेल तर सेकंड स्टेजमध्ये खरखर लागते, बोट सरकतं, थांबतं, पुन्हा सरकतं. पाव आटा नाही, एकाष्टमांश आटा. अ‍ॅलन कीच्या लांब दांड्याला चिकटपट्टीचा झेंडा लावा, म्हणजे किती फिरवलं ते दिसतं.

पाचवं, वजनं. फर्स्ट ३९०-४००, सेकंड ११०-१२०, एकूण ५१५. नवख्याने फर्स्ट जड ठेवावी. बोट आधीच चारशे ग्रॅमवर विसावलेलं असतं, वर फक्त शंभर-सव्वाशे घालायचे असतात. फर्स्ट २०० आणि सेकंड ३०० केली की शेवटचा टप्पा भिंतीसारखा लागतो आणि पोरं ती भिंत पाडायला जातात. सात वाजताचा शॉट तिथूनच येतो.

सर्वांत शेवटी ट्रिगर स्टॉप. शॉट सुटल्यावर ट्रिगर किती मागे जातो ते यावर ठरतं. शॉट सुटेनासा होईपर्यंत स्टॉप आत घ्या, मग सुटायला लागेपर्यंत मागे, आणि त्यावर आणखी पाव ते अर्धा आटा. हा शेवटचा अर्धा आटा लोक वाचवतात. मग थंडीत किंवा धूळ बसली की ट्रिगर स्टॉपला आधी लागतो, सिअर सुटत नाही, मुलगा आणखी जोर लावतो आणि अचानक शॉट जातो. कागदावर तो अगदी बोटाच्या चुकीसारखाच दिसतो.

प्रत्येक पायरीनंतर वजन पुन्हा मोजायचं. शू पुढे-मागे केला तरी.

पांडवलेणी
स्क्रू हलू नयेत म्हणून लॉकटाईट?

अंबड_टूलरूम
लाल चुकूनही नको, तो तापवल्याशिवाय सुटत नाही आणि आत ओ-रिंगा आहेत. बहुतेक स्क्रूंना आतच घट्टपणा दिलेला असतो. एखादा खरंच फिरत असेल तर डोक्याच्या कडेला नेलपॉलिशचा ठिपका. फिरला की ठिपका तुटलेला दिसतो.

तेलही नको. ट्रिगरच्या खोक्यात मशीन ऑइलचे दोन थेंब टाकले की पहिले आठ दिवस स्वर्ग, नंतर ऑक्टोबरची धूळ त्यात बसून लापी तयार होते. मऊ ब्रश आणि हातपंपाची हवा पुरते. कंपनीने जिथे ग्रीस सांगितलंय तिथे टाचणीच्या टोकावर मावेल एवढंच.

नेमबाजपालक
हे सगळं वाचून इलेक्ट्रॉनिकच घ्यावंसं वाटतं.

गोदाघाट
इलेक्ट्रॉनिकमध्ये सिअरऐवजी संपर्क जुळतो आणि सोलेनॉइड व्हॉल्व्हला ठोका देतो. खरखर नाही, झीज नाही, ड्राय फायरसाठी बटण. पण फर्स्ट-सेकंड स्टेजची वजनं, प्रवास, स्टॉप हे तिथेही स्प्रिंगा आणि स्क्रूच आहेत, त्यामुळे वरचा क्रम चुकत नाही. मोरिनीचं सीएम १६२ ईआय आणि एमआय शेजारी ठेवलंत तर कळेल, एकच पिस्तूल, पहिलं इलेक्ट्रॉनिक, दुसरं मेकॅनिकल.

जास्तीची काळजी सेलची. सेल उतरला की शॉट जात नाही, किंवा क्लिक होतं आणि हवा नेहमीसारखी सुटत नाही. स्पर्धेच्या पेटीत नवा सेल, तोही वेष्टनात. महिनाभर वापर नसेल तर काढून ठेवा. जुलै-ऑगस्टमध्ये इगतपुरी-त्र्यंबकच्या बाजूला राहणाऱ्यांनी पेटीत सिलिका जेल ठेवा आणि दर महिन्याला बदला, संपर्कावर हिरवट थर चढतो.

सुट्ट्या भागांचं महत्त्व कुणाला पटत नसेल तर २५ जुलै २०२१ आठवा. टोकियोत पात्रता फेरी चालू असताना मनू भाकरचं पिस्तूल बिघडलं, दुरुस्तीत वेळ गेला, ५७५ वर थांबली आणि फायनल हुकली. तीन वर्षांनी पॅरिसमध्ये याच प्रकारात कांस्य.

दहाचा_गोल
मेकॅनिकलवाल्यांनी हुरळून जाऊ नये. ओ-रिंग तुमचीही फाटते.

मखमलाबादकर
टेबलावरची चाचणी झाली. चार ग्रुप: ८, ९, ८ आणि ११ मिमी. चौथा उभा ताणलेला, खाली उतरत गेलेला. त्या वेळी गेज ७० बारच्या जवळ होता.

गोदाघाट
चौथा ग्रुप हवेचा आहे, विसरून जा, पण कारण समजून घ्या. १५० मीटर वेगाने पेलेट १० मीटर जायला सेकंदाचा पंधरावा भाग घेतं आणि तेवढ्यात साधारण २२ मिमी पडतं. वेग १४० झाला तर २५. सेकंदाला १० मीटरची घट म्हणजे टार्गेटवर ३ मिमी खाली. सिलिंडरचा दाब रेग्युलेटरच्या दाबाजवळ आला की वेग आधी डगमगतो, मग उतरतो. कॉम्पॅक्टचं सिलिंडर आखूड, शॉट कमी. २०० बारपासून सुरू करून दर दहा शॉटला गेज लिहा आणि कोणत्या आकड्याखाली ग्रुप उतरायला लागतो तो सिलिंडरवर चिकटपट्टीवर लिहून ठेवा. साईटिंग धरून ८०-९० शॉट त्या आकड्याच्या वर बसले पाहिजेत. बसत नसतील तर दुसरं भरलेलं सिलिंडर जवळ.

भरताना सावकाश. भसकन भरलं की सिलिंडर तापतं आणि गेज खोटं बोलतं. ४५ अंशांवर २०० दाखवणारं सिलिंडर २० अंशांवर १८४-१८५ वर येतं, मग लोक गळती शोधत बसतात. गाडी उन्हात लावून भरलेलं सिलिंडर डिकीत ठेवायचं नाही. हवा कोरडी आणि गाळलेली, श्वसनाच्या दर्जाची. पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर ८-१० बारचा, तिथे काम नाही. वेल्डिंगवाल्याचा ऑक्सिजन तर कधीच नाही. ग्रीस आणि दाबाखालचा शुद्ध ऑक्सिजन एकत्र आले की स्फोट होतो.

सेकंडहँड आहे म्हणून सिलिंडरवरची तारीख वाचा. आयुष्य कमाल १० वर्षं. तारीख उलटलेली असेल तर स्पर्धेत चालणार नाही आणि घरीही भरू नका.

शिंगाडातलाव
भरायचा अडॅप्टर सातपूरला लेथवर करून मिळेल का? कंपनीचा महाग आहे.

अंबड_टूलरूम
मी लेथवरच पोट भरतो, तरी सांगतो, नको. आटे दिसायला जुळतात, पण २०० बार म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला २०० किलोहून जास्त. धातू कोणता, पिच बरोबर आहे का, ब्लीड स्क्रू (अडकलेला दाब सोडणारा) आहे का, यातलं एक चुकलं तर तो तुकडा गोळीसारखा उडतो. वजनाचा हूक, वाळूच्या पिशवीचा स्टँड, पेलेटचा ट्रे, एवढंच लेथवर करा.

दहाचा_गोल
म्हणजे ८-९ मिमीचे ग्रुप, पिस्तूल निर्दोष. पेलेटही चालतंय. पुढेमागे ४.४९ आणि ४.५० मिमी हेडच्या (पेलेटच्या डोक्याच्या व्यासाच्या) पेलेटचा एकेक डबा घेऊन याच पद्धतीने तुलना करा, पण आत्ता नको, एका वेळी एकच गोष्ट बदला.

आता ग्रिप. बोट ट्रिगरवर असताना त्याच्या मुळाशी लाकूड लागतंय का? बोट आणि लाकूड यांच्यामधून पोस्टकार्ड सरकलं पाहिजे. लागत असेल तर ट्रिगर ओढताना बोट लाकडालाही ढकलतं आणि साईट वाकते. तिथे १२० नंबरच्या सँडपेपरने एकेक मिलिमीटर काढा. तळहाताच्या पोकळीत उलट भर लागते, लाकडाची पुट्टी थोडी-थोडी लावायची, हात ओला करून दाबायची, वाळली की घासायची. पावसाळ्यात अक्रोडाचं लाकूड फुगतं, त्यामुळे जुलैत घट्ट वाटणारी ग्रिप लगेच कापू नका, दिवाळीपर्यंत थांबा. ग्रिपने मनगटाला आधार देता कामा नये, तपासणीत तेही बघतात.

नेमबाजपालक
घरच्या रेंजवर दिवा एकाच बाजूला असला तर फरक पडतो का?

दहाचा_गोल
पडतो. फ्रंट साईटची एक कड उजळते आणि डोळा तिला मध्य समजतो. स्पर्धेत टार्गेटवर किमान १५०० लक्स असतात आणि उजेड सारखा पसरलेला असतो. घरी टार्गेटच्या दोन्ही बाजूंना एलईडी लावा, दिवे नेमबाजापासून झाकलेले. टार्गेटचा मध्य जमिनीपासून १४० सेंमी.

मखमलाबादकर
अंबड यांच्या क्रमाने सेटिंग झालं. जे सापडलं ते:

वजनाचा हूक १८ ग्रॅमचा होता, म्हणजे आतापर्यंत ५१८ ने मोजलं जात होतं. ट्रिगर जेवढा नापास वाटत होता तेवढा नव्हता, पण काठावर होताच.
फर्स्ट स्टेज सुमारे १८०, बाकी सगळं सेकंडमध्ये.
लिव्हर जोरात बंद करण्याच्या चाचणीत दहातून एकदा सुटला. पकड दोन वेळा एकाष्टमांश वाढवली, आता वीसातून शून्य.
स्टॉप अगदी काठावर. अर्धा आटा मागे.
शू ४ मिमी मागे. आधी बोटाचं नुसतं टोक लागत होतं.
आता ३९५ अधिक १२०.

नव्या सेटिंगवर ६० शॉट: सात-आठ वाजता ६. सातमध्ये एकही नाही, सगळे आठच्या कडेला. पण ग्रुपचा मध्य ५ मिमी उजवीकडे आलाय. साईट फिरवू का?

दहाचा_गोल
आज नको. निदान ३०० शॉट होऊ द्या, बोट अजून जुन्या जागेच्या सवयीत आहे. नंतरही मध्य तिथेच राहिला तर टेबलावर दहा क्लिक फिरवून ग्रुप किती सरकतो ते मोजा, एका क्लिकचे मिलिमीटर काढा, मग हिशोबाने फिरवा.

उरलेले सहा ट्रिगरचे नाहीत, खालच्या तीन बोटांचे असावेत. ट्रिगर ओढताना तीही आवळली की नळी खाली आणि डावीकडे जाते. दोन तपासण्या करा. मोबाईलचा स्लो मोशन, २४० फ्रेम, बाजूने करंगळी आणि अनामिका दिसतील असा. नखांचा रंग शॉटच्या क्षणी पांढरा पडतो का बघा. दुसरं, तुम्ही लोड करून द्या, दहापैकी चार वेळा पेलेट न घालता, त्याला न सांगता. रिकाम्या शॉटला फ्रंट साईट खाली बुडली तर उत्तर मिळालं.

मग रोज २० मिनिटं पांढऱ्या भिंतीसमोर ड्राय. टार्गेट नाही, फक्त साईट. शॉटनंतर दोन सेकंद साईट खाचेच्या मध्येच हवी. ड्राय फायर कसं करायचं ते मॅन्युअलमध्ये बघा, काही पिस्तुलांत लिव्हर अर्धी उघडायची असते, काहींत वेगळा खटका आहे. चुकीच्या पद्धतीने केलं तर पूर्ण हवेचा शॉट जातो, म्हणून ड्रायलाही नळी सुरक्षित दिशेला आणि पेलेटचा डबा दुसऱ्या खोलीत.

पांडवलेणी
नखांचा रंग! हे कुणी सांगितलं नव्हतं.

गोदाघाट
नळी साफ करताना ब्रीचच्या, म्हणजे पेलेट भरायच्या बाजूने, धाग्याला चिंधी बांधून ओढा, पुढून रॉड घालू नका. साफ केल्यावर पहिले पाच-दहा शॉट मोजू नका. आणि पेलेट शिशाची आहेत, पोरांना वडापाव खायच्या आधी साबणाने हात धुवायला लावा.

नेमबाजपालक
अंबड, तुमचं ५०० चं वजन रविवारी सकाळी मिळेल का? सोनाराचं दुकान त्या दिवशी बंद असतं.

अंबड_टूलरूम
मिळेल, दहाच्या आत या. पण मागच्या वेळी कुणीतरी पाडलं होतं, हूकचा नट नवा टाकलाय. सोमवारी दुकान उघडलं की माझं वजनही आधी काट्यावर घाला आणि किती भरलं ते इथे टाका.